तीन दिवसांचं पाणी

सुरेखाचं गव्हाचं पातेलं परवापासून माझ्या बाल्कनीत मुक्कामाला आहे. होळी झाली, ऊन तापायला लागलं, की आमच्या सोसायटीत दरवर्षी वाळवणाचा विषय निघतो. सुरेखा तिसऱ्या मजल्यावरची, मूळची बार्शीची, आणि तिला विकतची कुरडई चालत नाही. पण कुरडईचे गहू तीन दिवस भिजवावे लागतात आणि दुसऱ्या दिवसापासून ते वास मारायला लागतात. तिची सून महापेला कंपनीत आहे, आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम करते. ती सासूला म्हणाली म्हणे, आई, मीटिंगमध्ये मला नाक दाबून बसता येत नाही. म्हणून पातेलं लिफ्टने पाचव्या मजल्यावर माझ्याकडे आलं. मी एकटी, मला कसली मीटिंग? "मेजरताई, तुम्ही दवाखान्यात काय काय वास घेतलेत, तुम्हाला काय त्याचं," असं म्हणत तिने ते कोपऱ्यात ठेवलं आणि वर ताट झाकून निघून गेली.

खरंय तिचं. मी फौजेत नर्स होते, अठ्ठावीस वर्षं. मेजर होऊन निवृत्त झाले. आता नेरूळच्या या दोन खोल्यांत बसून लिहीत असते. लिहायला मला कुणी शिकवलं नाही. ड्यूटीचं रजिस्टर भरता भरता जे काय आलं ते आलं. आधी सोसायटीच्या ग्रुपवर लिहायचे, मग एका साप्ताहिकात छापून यायला लागलं, आणि आता एक छोटं पुस्तक निघतंय. परदेशातल्या आठवणींचं. त्याची प्रुफं गेले चार दिवस जेवणाच्या टेबलावर पडली आहेत. सोमवारी परत द्यायची आहेत, म्हणजे छापायला जातील.

तर काल सकाळी मी चहा गाळत होते आणि त्या ताटाखालून वास आला. आंबट, थोडा ताकासारखा, थोडा ओल्या गोणपाटासारखा. गाळणं हातात तसंच धरून मी उभी राहिले. मला वाटलं, मामा नीमा दारात येऊन उभी आहे.

मामा नीमा काँगोतली. वीसेक वर्षं झाली असतील, शांतिसेनेबरोबर आमचं रुग्णालय तिकडे गेलं होतं आणि मी वर्षभर तिथे होते. पूर्वेकडचा डोंगराळ भाग. आमच्या साताऱ्याकडे आहेत तसेच डोंगर, फक्त त्यांना कुणीतरी हिरव्या रंगाचे दोन हात जास्तीचे मारल्यासारखे. उतारावर केळीच केळी. बायका पाठीवर एवढाल्या मोळ्या घेऊन चढ चढायच्या, आणि त्या मोळीचा पट्टा कपाळावरून घेतलेला असायचा. मला फार नवल वाटायचं. मानेचं काय होत असेल, असं माझ्या डोक्यात यायचं. पण मी कधी कुणाला विचारलं नाही. हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय, की त्या वर्षात मला नवल खूप वाटलं आणि मी विचारलं फार थोडं.

तिथे बाईला तिच्या लेकराच्या नावाने हाक मारतात. आमच्या गावाकडे बंडूची आई, शकूची आई, अगदी तसं. नीमा ही सहा-सात वर्षांची मुलगी, म्हणून तिची आई मामा नीमा. ती आमच्या रुग्णालयाचे कपडे धुवायची. आपल्या जवानांच्या तुकड्या तिथे आधीपासून होत्या, त्यांच्याकडून ती हिंदी शिकली होती. म्हणजे बैठो, जल्दी जल्दी, कोई बात नहीं, एवढी हिंदी. त्यातच ती सगळा संसार सांगायची. मला ती 'दादा' म्हणायची. त्यांच्या भाषेत दादा म्हणजे बहीण. पहिले आठ दिवस मी मागे वळून बघत होते, की कुठला दादा आला.

आणि त्यांची ती विचारपूस. सकाळी भेटली की कामाचं बोलायच्या आधी पाच मिनिटं चौकशी चालायची. झोप लागली का, घरचे कसे आहेत, मुलगा कसा आहे, पाय दुखत होता तो कसा आहे. मुलगा माझा इकडे दहावीला होता, त्याचे बाबा सीबीडीच्या ऑफिसातून येऊन त्याचा अभ्यास घ्यायचे, हे तिला पाठ झालं होतं. रोज विचारायची, परीक्षा झाली? मी घड्याळ बघत 'ठीक ठीक' म्हणायची आणि चादरी मोजायला घ्यायची. फौजेची सवय. आमच्याकडे आधी हुकूम, मग काम, आणि प्रश्न असलाच तर रजेवर गेल्यावर.

तिथला कोरडा हंगाम सुरू झाला तेव्हा सगळीकडे पांढरं पांढरं दिसायला लागलं. पत्र्यांवर, ताडपत्र्यांवर, रस्त्याच्या कडेला सुद्धा. ट्रक आपले त्याला वळसा घालून जायचे. ते होते कंदाचे तुकडे. मुहोगो म्हणतात त्याला. वाळवून, कुटून, पीठ करून त्याचा गोळा शिजवतात, तेच त्यांचं रोजचं जेवण. आपला साबुदाणा ज्या कंदाचा करतात, तोच हा कंद. ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. एकादशीला मी घरून नेलेल्या साबुदाण्याची खिचडी करायची आणि खिडकीतून बघायची, की हे लोक हे काय वाळत घालतात. एवढं वाळवण पाहूनही मला आमच्या गावची गच्ची आठवली नाही. आज आठवते.

वाळत घालायच्या आधी तो कंद भिजवायचा असतो. ओढ्याच्या कडेला खड्डे खणून, त्यात पाणी, त्यात सोललेले कंद, वर दगड. तीन दिवस, कधी चार. दुसऱ्या दिवशी वर फेस यायचा, आणि त्या वासाबद्दल काय सांगू, तो माझ्या बाल्कनीत आत्ता भरून राहिलाय.

त्याच सुमाराला शेजारच्या वस्तीत जुलाब सुरू झाले. लढाईतून पळून आलेली माणसं ती, एकेका झोपडीत दहा-दहा. आमचे कर्नलसाहेब, रुग्णालयाचे मुख्य डॉक्टर, मला म्हणाले, सिस्टर, वस्तीची स्वच्छता तुम्ही बघा. झालं. मी दोन जवान आणि ब्लीचिंग पावडर घेऊन, डोक्याला टोपी घालून निघाले. विहिरीचं पाणी बघितलं, संडास बघितले, ते सगळं बरोबरच केलं. मग ओढ्यावर गेले आणि ते फेसाळलेले खड्डे दिसले. मी म्हटलं, हे बघा, इथे आहे घाण. साचलेलं, आंबलेलं पाणी, आणि यात खायची वस्तू!

मामा नीमा तिथेच होती. खड्ड्यात हात घालून कंद दाबून बघत होती. मी तिला सांगितलं, हे बंद. एक दिवस भिजवा, पुरे, मग काढा आणि वाळवा. ती हसली. तिला वाटलं, मला समजलेलं नाही. तिने एक कंद काढला, अंगठ्याने दाबून दाखवला, कडक होता. म्हणाली, "बाडो, दादा. बाडो. तीन दिन." बाडो म्हणजे अजून नाही, अजून झालेलं नाही. तिथे चहा उकळण्यापासून लढाई थांबण्यापर्यंत सगळ्याला लोक बाडो म्हणायचे.

मी तिच्या हातातला कंद खाली ठेवला आणि जवानांना खूण केली. त्यांनी खड्डे उपसले आणि त्यात पावडर टाकली. बायका काठावर उभ्या राहून बघत होत्या. कुणी अडवलं नाही. मी गणवेशात होते ना.

त्याच्या चौथ्या दिवशी दुपारी मामा नीमा धावत आली. हातावर पोर. नीमाला उलट्या होत होत्या, मान धरवत नव्हती, श्वास भराभरा चाललेला. कर्नलसाहेब केरळचे. त्यांच्याकडे हा कंद घरोघर खातात. त्यांनी पोरीकडे एकदा बघितलं आणि आईला पहिलाच प्रश्न विचारला, की मुहोगो किती दिवस भिजवला होता. माझ्या हातात सलाइनची नळी होती. मला तो प्रश्नच कळला नाही. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "सिस्टर, कडू जातीच्या कंदात विष असतं. तीन दिवस पाण्यात ठेवल्याशिवाय जात नाही."

मामा नीमाने माझ्याकडे बघितलं. मग ती साहेबांना म्हणाली, "एक दिन."

"क्यों?"

"पानी कम था, साहब."

ओढ्याला पाणी भरपूर होतं. साहेबांना ते माहीत नव्हतं. मला होतं.

पोट धुतलं, ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं. संध्याकाळ व्हायच्या आत नीमाचा श्वास ताळ्यावर आला. मी जागची हलले नाही. रजिस्टरमध्ये कारण लिहायचं होतं, तिथे मी लिहिलं, अन्नातून विषबाधा. खोटं काही नाही त्यात. दुसऱ्या दिवशी मी वस्तीत जाऊन सांगून आले, की भिजवा तुमच्या पद्धतीने. का बदललं, ते सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. मामा नीमा चादरी घेऊन आली आणि नेहमीसारखी विचारपूस सुरू केली. मुलाची परीक्षा झाली का? त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा सगळं नीट सांगितलं, गणित अवघड गेलं, इंग्रजी बरं गेलं. पण जे सांगायचं होतं ते नाही सांगितलं. सहा महिन्यांनी आमची तुकडी परत निघाली, तेव्हासुद्धा नाही. तिने मला वाळवलेल्या मुहोगोची पुरचुंडी दिली. मी विमानतळावर ती टाकून दिली. म्हटलं, कस्टमवाले अडवतील.

आता टेबलावरच्या त्या प्रुफात काय आहे ते सांगते. अकरावा लेख, 'नीमाचा जीव'. त्यात एक वाक्य आहे: "अडाणी आईने कच्चे कंद खाऊ घातल्याने मरणाच्या दारात गेलेल्या त्या पोरीला आम्ही परत आणले." हे मी लिहिलंय. माझ्या हाताने, शाईच्या पेनाने. साप्ताहिकात छापून आलं, तेव्हा मला दहा-बारा फोन आले. आमच्या सोसायटीने महिला दिनाला माझ्याकडून ते वाचून घेतलं आणि शाल दिली. सुरेखाच्या डोळ्यांत पाणी होतं.

खोटं बोलायचं असं ठरवून मी काही लिहायला बसले नव्हते. आठवून बघते, तर गोष्ट आधीच बदलली होती. त्याच आठवड्यात नवऱ्याचा फोन आला होता. तेव्हा लाइन सारखी तुटायची, आपलंच बोलणं आपल्या कानावर परत यायचं. मी यांना सांगितलं, एका पोरीला विषबाधा झाली, आम्ही वाचवली. खड्डे, पावडर, हे कुठे सांगत बसणार त्या खरखरीत? हे म्हणाले, शाब्बास. ते शाब्बास मला इतकं गोड लागलं, की पुढच्या वेळी तीच गोष्ट तेवढीच सांगितली. मग तेवढीच राहिली. आईच्या वाट्याला 'अडाणी' कधी आलं, ते मात्र मला सापडत नाही. कुणाच्या तरी चुकीने झालं असं सांगायलाच लागतं ना. माझ्या नाही, तर मग तिच्या. हे आता नाहीत, सहा वर्षं झाली. असते तर त्यांना सगळं पुन्हा सांगितलं असतं. त्यांनी शाब्बास परत घेतलं असतं, तर घेतलं असतं.

पण मला खरं कोडं पडलंय ते वेगळंच. हा वास मला तिथे ओळखू कसा आला नाही? माझी आई दरवर्षी कुरडया करायची. पितळी घंगाळात गहू, तीन दिवस, रोज पाणी बदलायचं. तिसऱ्या दिवशी ती चार दाणे चिमटीत धरून दाबायची, दूध आलं की म्हणायची, झाले. मग वाटायचं, चीक गाळायचा, रात्रभर निवळायला ठेवायचा. सकाळी शिजवलेला गरम चीक वाटीत घेऊन आम्ही पोरं भिंतीला टेकून खायचो. त्या तीन दिवसांत अख्ख्या घराला हाच वास असायचा आणि मला तो कधी घाण वाटला नाही. तो सणाचा वास होता. मग ओढ्याच्या काठावर माझ्या नाकाला झालं काय? घंगाळाच्या जागी मातीचा खड्डा होता म्हणून? हात काळा होता म्हणून? हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण विचारायचंच ठरवलंय तर स्वतःलाही विचारलं पाहिजे. की मी हुकूम घेऊन गेले होते, आणि हुकूम घेऊन गेलेल्या माणसाचं नाक घरी राहतं?

आज सकाळी सुरेखा पाणी बदलायला आली, तेव्हा तिच्याबरोबर जनाबाई होत्या. जनाबाई इथल्याच, गावठाणातल्या. आमची इमारत उभी आहे ती जागा एकेकाळी त्यांच्या सासऱ्यांची भातखाचरं होती. आता त्यांचे याच इमारतीत दोन फ्लॅट आहेत आणि त्या दिवसातून तीनदा सांगतात, की या लिफ्टच्या जागी आंब्याचं झाड होतं. दोघी बसल्या. मी चहा टाकला आणि कपबशा मांडता मांडता सगळं सांगून टाकलं. पहिल्यांदाच. खड्ड्यांपासून पुरचुंडीपर्यंत.

सुरेखाचा चेहरा आधी पडला, मग तिला राग आला. म्हणाली, "म्हणजे आम्ही टाळ्या वाजवल्या त्या कशाला?" मी म्हटलं, शाल परत देते. ती म्हणाली, शालीचं काय घेऊन बसलात, तिला फॉलसुद्धा लागला नव्हता धड. मग तिलाच हसू आलं, शालीला कुठे फॉल असतो. पण पुढे म्हणाली, की छापलंय ते राहू दे. कोण काँगोतून वाचायला येणार आहे? पोरगी वाचली ना? लोकांना बरं वाटतं वाचून. उगाच स्वतःच्या तोंडाला काळं का फासून घ्यायचं या वयात.

बशीतला चहा संपवून जनाबाईंनी बशी खाली ठेवली. "मंग तुमी तिला इचारला नाय का, बाय, का तीन दिस कशाला भिजवतंस म्हनून?"

मी म्हटलं, नाही.

"एवराच इचारायचा व्हता." आणि त्या उठून बाल्कनीत गेल्या, झाडं बघायला.

दोघी घरी गेल्यावर मी प्रकाशकांकडच्या बाईंना फोन लावला. गोड बोलतात त्या, माझं शुद्धलेखनही त्याच नीट करतात. मी सांगितलं, अकरावा लेख मी नव्याने लिहितेय. त्या म्हणाल्या, आजी, तो तर सगळ्यात छान आहे, वाचताना डोळे भरून येतात. मी म्हटलं, म्हणूनच. त्यांनी विचारलं, मोठा बदल आहे का? मी म्हटलं, एक शब्द काढायचाय, अडाणी, आणि तो माझ्या नावापुढे लावायचाय, त्यामुळे बाकीचं सगळं हलतं. त्या म्हणाल्या, सोमवारऐवजी बुधवार चालेल.

दुपारभर मी लिहीत बसले होते. रजिस्टरमध्ये लिहितात तसं, आधी झालं ते, मग केलं कुणी ते. नीमा आता सव्वीस-सत्तावीस वर्षांची असेल. तिलाही कुणी मामा म्हणून हाक मारत असेल. तिची आई आहे का, ओढा आहे का, तिकडे अजून लढाई थांबलेली नाही असं बातम्यांत येतं, मग त्या दोघींचं काय झालं? पत्ता नाही, आडनाव नाही. त्या अख्ख्या वर्षात मी तिचं स्वतःचं नाव विचारलं नाही. नीमाची आई एवढंच. नव्या लेखात तेही लिहिलं, की नाव मला ठाऊक नाही, कारण विचारलं नाही.

संध्याकाळी पाचला सुरेखा पुन्हा आली. मघाचा राग गेला नव्हता, पण गहू माझ्याकडे होते. ताट काढलं तसा वास भसकन वर आला. वर बारीक फेस होता. तिने बांगड्या मागे सारल्या, हात कोपरापर्यंत आत घातला आणि तळातले दाणे वर आणले. दोन मला दिले. मी चिमटीत दाबले. पांढरं दूध आलं. आईच्या हिशोबाने झाले होते.

"झाले की गं," मी म्हटलं.

सुरेखाने स्वतःचा दाणा दाबला, बोटांत चोळला, जिभेला लावला. "अजून नाही ताई. उद्या सकाळी."

तिसरा दिवस संपत आला होता, दूध आलं होतं, आणि माझी आई असती तर वाटायलाच बसली असती. ते मी तिला सांगणार होते. तोंडापर्यंत आलं होतं.

"का?" मी विचारलं.

सुरेखाने माझ्याकडे बघितलं, थट्टा करतेय की काय म्हणून. मग पाट ओढून बसली आणि सांगायला लागली.